कापसातलं सैन्य
वॉर्निशचा वास आला की मला मुंबईतलं फॅन मंडळींचं ते संमेलन आठवतं. टेबलावरच्या युद्धखेळासाठी मी बोटाएवढे शिपाई रंगवले होते. निघायच्या आधी शिफ्टवरून आलेल्या पप्पांनी ते कापड विणायच्या लूमखाली साचणाऱ्या कापसात गुंडाळून डब्यात भरले. आमच्या घरी बांगड्यांपासून बल्बपर्यंत प्रत्येक नाजूक वस्तू तशीच जपली जायची. भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून आम्ही दोघं रिक्षानं स्टेशनला आणि तिथून लोकलनं मुंबईला गेलो. हॉलमध्ये पुठ्ठ्याची चिलखतं घातलेले वीर, पंखवाल्या पऱ्या आणि फाशांचा खडखडाट. मी डबा उघडला तर काय, वॉर्निश वाळलंच नव्हतं आणि अख्ख्या सैन्याला कापूस चिकटलेला! माझं तोंड एवढंसं झालं. “माझंच चुकलं,” पप्पा पुटपुटले. तेवढ्यात माझ्याविरुद्ध खेळायला बसलेली, रुपेरी केसांचा टोप घातलेली चेटकीण वाकून ओरडली, “बाप रे, हा बर्फ कसा केलास गं?” भुवयांत अजून शिफ्टचा कापूस अडकलेले पप्पाच म्हणाले, “आमच्याकडं भिवंडीला रोज पडतो.” तो डाव मी हरले. आता पप्पांचं लूमवरचं काम सुटलंय, पण मी नवा शिपाई रंगवला की ते कुठून तरी मूठभर कापूस आणतात आणि दारातूनच विचारतात, “वाळला न्हाय ना अजून?”