लिगायाची हाक

मीरा, ओम — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांना नाही, आजोबांनाही नाही. आजोबा आत्ता बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताहेत. फावड्याचा आवाज थांबला, की माझा हातही थांबतो.

आजच का लिहायला बसले? मीरा, परवा तुझा प्लेनोहून फोन आला. शाळेत धाडसी माणसावर प्रोजेक्ट आहे म्हणे. "आजी, मी तुला घेतलंय. फिलिपिन्सचं टायफून. डॅड म्हणतो तू अजिबात स्केअर्ड नव्हतीस. इज दॅट ट्रू?" मी म्हणाले, थोडीशी होते. तर तू म्हणालीस, "थोडीशी चालेल. ब्रेव्ह लोकांना थोडी असते." मी हसले. फोन ठेवला.

शुक्रवारी तू ते वर्गात वाचणार आहेस. त्याआधी हे पोचायला हवं.

मराठीत लिहिते आहे. इंग्रजी मला चांगलं येतं, शाळेपासून त्यातच शिकले, आणि इंग्रजीत नीटनेटकी वाक्यं करून निसटणं मला सोपं जातं. मराठीत तसं जमत नाही. हे तुम्हाला बाबा वाचून दाखवेल — म्हणजे आधी त्याला कळेल. त्याचीही भीती आहेच.

आजोबा निवृत्त झाले आणि २००४ मध्ये आम्ही दोघं एका संस्थेतर्फे वर्षभरासाठी फिलिपिन्समधल्या एका खेड्यात गेलो. नारळाच्या बागा आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेलं गाव. आजोबा पाण्याचे पंप आणि पाइप दुरुस्त करत, मी लहान मुलांना इंग्रजी शिकवत असे. त्यांना सगळे 'लोलो' म्हणत, म्हणजे आजोबाच. मला मात्र 'मॅम'. माझ्याशी लोक जरा जपूनच वागत. मी बरण्यांना लेबलं लावत असे, मुलांच्या चपला दाराबाहेर एका ओळीत ठेवून घेत असे. तुम्हाला माहीतच आहे मी कशी आहे ते.

गावातली घरं बांबूची आणि झावळ्यांची. सिमेंटचं, वर स्लॅब असलेलं घर एकच, आणि ते आम्हाला दिलं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, वादळ आलं की आसपासची माणसं इथे येतात. मी मान डोलावली. खरं सांगू? तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो फरशीवर उमटणाऱ्या चिखलाच्या पायांचा.

तिथली एक रीत सांगायला हवी. दार वाजवत नाहीत. अंगणात उभं राहून हाक मारतात — "ताओ पो". माणूस आलंय, एवढाच तिचा अर्थ, पण मोठ्या अदबीने म्हणायचं. आतून 'या' म्हटल्याशिवाय कुणी पायरी चढत नाही. दार नुसतं लोटलेलं असलं तरी नाही. ही रीत मला फार आवडायची. मी इथे पत्रांतून तिचं कौतुक लिहीत असे.

आमच्या शेजारी लिगाया राहायची. तुमच्या आत्याच्या वयाची, हसरी. नारळ कसा फोडायचा ते तिने मला शिकवलं. मी कोयत्याने हळूहळू टोचत बसे, तर म्हणायची, "मॅम, तो तुमचा विद्यार्थी नाही, घाबरू नका, मारा." तिची आई, नानाय, गुडघ्यांनी अधू होती. तिथे वडीलधाऱ्यांचा हात आपल्या कपाळाला लावतात. मी नानायचा हात तसा लावला, की ती खूश होऊन माझा हात सोडतच नसे.

वादळ आलं त्या दिवशी आजोबा सकाळीच पंपाचा एक भाग आणायला तालुक्याला गेले होते. दुपारपर्यंत रस्ता बंद झाला. मी एकटी. आकाशाचा रंग असा झाला होता, की तो मी आधी कधी पाहिला नव्हता आणि मला तो परत पाहायचा नाही. वारा सुरू झाला तेव्हा आधी वाटलं, ट्रक येतोय. तो ट्रक आलाच नाही, येतच राहिला. मी दाराची कडी लावली, टेबल सरकवून दाराला टेकवलं आणि त्याच्यामागे जमिनीवर बसले. शाळेच्या छपराचा पत्रा सुटून कुठेतरी आपटत होता. दर वेळी वाटायचं, पुढचा इथे येणार.

आणि मग हाक आली. "ताओ पो."

मी ती ऐकली. स्पष्ट ऐकली. खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या होत्या, त्यांच्या फटीतून मला दोघी दिसल्या. लिगायाने प्लॅस्टिकचं एक कापड दोघींच्या डोक्यावर धरलं होतं आणि नानाय तिच्या कमरेला धरून उभी होती. पायरीच्या खाली. वर नाही आल्या. लिगायाने पुन्हा हाक मारली, मग थांबली — उत्तराला वेळ द्यावा तशी. मग आणखी एकदा, "मॅम, ताओ पो."

मी श्वास धरून बसले.

का? मला वाटलं, दार उघडलं की वारा आत येईल आणि मला ते परत लावता येणार नाही. निघण्याआधी संस्थेने आम्हाला शिकवलंही होतं — एकदा बंद केलेलं दार वादळ ओसरेपर्यंत उघडायचं नाही. ही सूचना मी किती वर्षं मनात घोकली असेल. पण तिचा काही उपयोग नाही. आमचं दार वाऱ्याच्या आडोशाला होतं. वारा समुद्राकडून येत होता आणि दार डोंगराकडे. हे मला तेव्हाही माहीत होतं. दार सहज उघडलं असतं. टेबल हलकं होतं.

मी उघडलं नाही. एवढंच आहे ते. मला एकही गोष्ट हलायला नको होती — ना दार, ना मी.

थोड्या वेळाने पाहिलं तर अंगण रिकामं होतं. मला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

त्या दोघी शेताच्या बांधावरून चर्चकडे निघाल्या होत्या. बांधावर नानाय पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. लिगायाने तिला चर्चपर्यंत ओढत नेलं. नानाय पुन्हा चालली नाही. नाताळाच्या आधी ती गेली.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. घराचं छप्पर नव्हतं. लिगाया चिखलातून भांडी वेचत होती. तिने मला पाहिलं आणि पहिलं काय विचारलं असेल? "मॅम, तुम्ही बऱ्या आहात ना? आम्ही हाक मारली होती." मी म्हणाले, वाऱ्यात मला काहीच ऐकू आलं नाही. शब्द तोंडातून अगदी सहज निघाले, जणू घोटून ठेवले होते. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, काचेतून दिसत होतात. ती म्हणाली, "माझाच आवाज लहान पडला. मी मोठ्याने हाक मारायला हवी होती."

मी "नाही गं" सुद्धा म्हटलं नाही.

संध्याकाळी आजोबा चिखलातून चालत आले. त्यांनाही मी तेच सांगितलं. नंतर लिगायाकडून त्यांनी तिची बाजू ऐकली, तिचीही तीच. दोन्ही जुळत होत्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

वर्ष संपलं, आम्ही परत आलो. इथल्या मराठी मंडळाने आजोबांना फोटो दाखवायला बोलावलं. घराचा फोटो पडद्यावर आला तेव्हा ते म्हणाले, "या घरात ही एकटी होती. डगमगली नाही." टाळ्या झाल्या. शीलाकाकू मागून म्हणाली, "आम्ही स्नो पडला की मेलबॉक्सपर्यंत जात नाही, आणि ही बाई वादळात एकटी. उगाच लाजवतेस आम्हाला." सगळे हसले. तेवढ्यात नुकत्याच पुण्याहून आलेल्या एका मुलाने विचारलं, "काकू, पण मग गावातले लोक शेल्टरला तुमच्याकडे नाही आले?"

त्याला काय माहीत होतं? काहीच नाही. साधा प्रश्न होता. मी म्हणाले, "कुणाला वेळच मिळाला नाही रे. कुणी आलंच नाही."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. लिगाया आली होती, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पुढचा फोटो लावला. घरी येताना रूट नाइनवर ते एवढंच म्हणाले, "हीटर वाढवू का?"

त्यानंतर त्यांनी कधीच विचारलेलं नाही. त्यांना कळलंय का? की ते मीच सांगण्याची वाट बघताहेत? ते खोलीत येतात, चष्मा शोधतात आणि म्हणतात, "अगं, एक विचारायचं होतं" — तेव्हा दर वेळी मला वाटतं, आता तेच विचारणार. मग ते विचारतात, दूध संपलंय का.

लिगाया नाताळला फोन करते, तालुक्याच्या कुणाच्या तरी फोनवरून. अजून मला मॅमच म्हणते. मुलं मोठी झाली, छप्पर आता पत्र्याचं केलंय, असं सांगते. मी ऐकते. बोलायचं ठरवून बसते आणि हवा कशी आहे, ते विचारते. मागच्या नाताळलाही तेच केलं.

फावड्याचा आवाज थांबलाय. आजोबा बूट झटकताहेत. हा कागद मी आधी त्यांच्या हातात देणार आहे, मग तुम्हाला पाठवेन. मीरा, शुक्रवारी काय वाचायचं ते तू ठरव.

ते सिमेंटचं घर अजून उभं आहे, त्यात आता दुसरं कुटुंब राहतं. लिगाया त्याच गावात आहे. आपली हाक हळू पडली म्हणून आई गेली, असं तिला आजही वाटतं.