चिठ्ठीतलं शेवटचं नाव

शेजारच्या मारियाबाई सायप्रसच्या ग्रीक, लग्न होऊन लंडनला आलेल्या. त्यांच्या यजमानांच्या वर्षश्राद्धाला मी चर्चमध्ये गेले होते. पाद्री मारियाबाईंनी लिहून दिलेल्या चिठ्ठीतून त्यांच्या घरातल्या मृतांची नावं वाचत होते. शेवटच्या नावाला मारियाबाईंची मुलगी दचकली.

"एलेनी कोण गं, आई?"

"तुझी बहीण. माझ्या लग्नाआधीची. गावी सोडून आले होते."

मलाच मान वर करवेना. पितृपक्षात भाऊ फोनवर नावं वाचून दाखवतो. जातीबाहेर लग्न केलेली आमची ताई वारली, तरी तिचं नाव त्यात नसतं. मीही सांगत नाही. नुसतं गप्प बसायचं, किती सोपं! माझ्या मुलांना मावशी होती हेच ठाऊक नाही.

मारियाबाईंनी प्रसादाचे उकडलेले गहू माझ्या हातावर ठेवले. "तुमच्यातही नावं घेतात ना?"

"घेतात," मी म्हणाले.

"सगळ्यांची?"

मी गहू चावत राहिले.