काखेतली गादी

संध्याकाळी मुलीला आणायला पाळणाघरात गेलो, तर दारात तन्वीची आई चपला घालत होती. कडेवर तन्वी, दुसऱ्या काखेत गुंडाळलेली गादी. इथे प्रत्येक मुलाची छोटी गादी घरून आणून ठेवतात. ती अशी घरी निघाली, की मूल उद्यापासून येणार नाही हे सगळ्यांना कळतं.

"पाळणाघराच्या खर्चावरची करसवलत गेली ना," मी न विचारताच ती म्हणाली. "आता जमतच नाही. दोघांपैकी एकाने घरी राहायचं ठरलं."

कोणी, ते तिने सांगितलं नाही. तिच्या गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र तन्वीच्या मुठीत होतं.

सवलत बंद झाल्याची बातमी पेपरात कोपऱ्यात आली होती, चार ओळींची. जिना उतरताना मात्र ती गादी तिला दोनदा सावरून घ्यावी लागली.

आत मावशींनी बाकीच्या गाद्या सरकवून रिकामी जागा भरून काढली होती. उद्या शनिवारी उन्हात घालायला आमची गादी आज घरी न्यायची होती, दोन दिवसांपुरतीच.

"बाबा, गादी?" मुलीने आठवण करून दिली.

"राहू दे इथेच," मी म्हणालो.