हरलालच्या गाडीतलं नव्वद नंबरचं तेल

नव्वदच्या दशकात माझी पोस्टिंग बडोद्याला आली. फौजेत आपल्याच गावी पोस्टिंग मिळणं म्हणजे लॉटरी लागणंच. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, तेव्हापासून आमचं घर इथलंच. मी हवालदार मोहिते, व्हेइकल मेकॅनिक. सकाळी पीटी, मग फॉलिनची हजेरी, मग वर्कशॉप, दुपारी घरचा डबा. बाकीचे मला घरजावई म्हणून चिडवायचे. मी ऐकून घ्यायचो, कारण डबा तेच संपवायचे.

वर्कशॉपमध्ये एक रिवाज होता. ज्याने गाडीचं काम केलं त्यानेच रोड टेस्टला तिच्यात बसायचं. ब्रेक बांधलेस, मग बस पुढे. मागच्या डिफरन्शियलचं काम केलं असेल तर बसायचं मागे हौद्यात, फळीला कान लावून. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा. इंजिनाची ताकद तिथे वळून चाकांना मिळते. आत क्राऊन आणि पिनियन असे दोन दातेरी गिअर एकमेकांत अडकलेले असतात. तिथला बिघाड दिसत नाही, ऐकू येतो. आधी बारीक रडल्यासारखा आवाज, मग खरखर. खरखर सुरू झाली की गाडी कुठे बसेल ते कोणी सांगू शकत नाही.

ज्या वन-टन गाडीची, म्हणजे फौजेच्या छोट्या ट्रकची, ही गोष्ट आहे तिचा ड्रायव्हर होता नायक हरलाल, राजस्थानचा. गाडी फुलासारखी चालवायचा. पोहता मात्र अजिबात येत नव्हतं. पाण्याला तो इतका भ्यायचा की आंघोळीला लहान बादली घेतो, अशी आम्ही त्याची थट्टा करायचो. मला तो उस्ताद म्हणायचा.

त्या वर्षी पाऊस थांबेचना आणि विश्वामित्री चढली. आमच्या नदीत मगरी आहेत हे बडोद्यातल्या पोरासोरांनाही माहीत असतं. नदी रस्त्यावर आली की मगरीही रस्त्यावर येतात. सिव्हिलकडून फौजेला बोलावणं आलं. आमचा कॅम्प पाण्यात गेला होता, म्हणून तुकडी बडोद्याच्याच गोरवा भागातल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये बसवली. काम एकच होतं. नदीपलीकडच्या समा भागातल्या सोसायट्यांचे तळमजले बुडाले होते, तिथली माणसं काढून आणायची. तिकडे जाणारा एकच पूल चालू होता आणि पुलापलीकडे रस्ता असा नव्हताच, पाणी होतं.

पहिली फेरी ठीक झाली. शेडमध्ये आल्यावर मी सवयीने गाडीखाली शिरलो आणि डिफरन्शियलचा खालचा बोल्ट सैल केला. तेल आलं ते पांढरं, ताकासारखं. मागची धुरी, म्हणजे ॲक्सल, चालून तापलेली असते. ती एकदम थंड पाण्यात बुडली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. मी गाडीखालून बाहेर आलो. या तेलावर दुसरी फेरी म्हणजे गाडी समाच्या पाण्यात मध्येच बसणार, माणसांनी भरलेली.

सुभेदार कदमसाहेब तिथेच उभे होते. मी त्यांना बोटावरचं तेल दाखवलं.

"दुसरी गाडी नाही, मोहिते. किती वेळ लागेल?"

"तेल मिळालं तर अर्धा तास, साहेब."

"मग मिळव."

आमचा तेलाचा साठा कॅम्पबरोबर बुडाला होता. गोरव्यात ऑइल विकणारे जयंतीभाई दुकानाच्या वरच राहायचे. मी आणि हरलालने शटर वाजवून त्यांना खाली आणलं. त्यांच्याकडे दोनच गोष्टी होत्या. एक सीलबंद डबा, एकशे चाळीस नंबरचा, काकवीसारखा जाड. दुसरं एका पिंपातलं सुटं तेल, नव्वद नंबरचं. पिंपावरचा कागद फाटलेला होता.

"साहेब, आ एकसो चालीस लई जाओ," जयंतीभाई म्हणाले. "जाडुं छे, सील पॅक छे. पेलुं तो खुल्लुं छे."

जाड म्हणजे चांगलं, असं सगळ्यांनाच वाटतं. मी डब्यावरचं छापील वाचलं. साधं गिअर ऑइल होतं, ईपी म्हणजे जबर दाब सोसणारं हाइपॉइड तेल नव्हतं. क्राऊन आणि पिनियनचे दात नुसते एकमेकांवर फिरत नाहीत, दाबाखाली एकमेकांवर घासत जातात. साधं तेल कितीही जाड असलं तरी त्या दाबात दातांमधून निसटतं आणि लोखंडाला लोखंड लागतं. ईपी तेलात गंधक असतं. ते दातांना चिकटून राहतं, म्हणून मागच्या डिफरन्शियलला तेच लागतं. आणि गंधकामुळे त्याला घाण वास येतो.

मी पिंपात बोट बुडवून वास घेतला. सडक्या अंड्यासारखा आला. पण सकाळपासून भिजून माझं नाक चोंदलेलं होतं. पुन्हा घेतला. मग हरलालच्या नाकापुढे बोट धरलं. त्याने तोंड फिरवलं.

"जयंतीभाई, आ हाइपॉइड छे?"

"छे तो खरुं, साहेब. पण लेबल नथी, तो हुं सोगंद केम खाउं?"

माणूस खरा होता. एका बाजूला खात्रीचं पण चुकीचं तेल, दुसऱ्या बाजूला बरोबर पण बिनखात्रीचं. मी पिंपातलं भरून घेतलं.

"उस्ताद, पक्का?" हरलालने विचारलं.

"पक्का," मी म्हणालो. मला खात्री नव्हती, पण गाडी ज्याला चालवायची आहे त्याला दुसरं काय सांगणार?

शेडमध्ये थोडं तेल घालून आतलं पांढरं धुऊन काढलं, मग बरोबर पातळीपर्यंत नवं भरलं. धुरीच्या ब्रीदरला, म्हणजे हवेच्या भोकाला, रबरी नळी लावून ती वर हौद्याला बांधली, म्हणजे धुरी आता वरून हवा घेईल, पाणी ओढणार नाही. हरलाल शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"उस्ताद, रास्ते में आवाज़ आए तो बताना. झूठ मत बोलना."

"नहीं बोलूँगा."

रोड टेस्टला वेळ नव्हता. समाची फेरी हीच रोड टेस्ट. मी मागे हौद्यात आडवा झालो आणि फळीला कान लावला. पुलापलीकडे गाडी पाण्यात उतरली तशी मागची धुरी पूर्ण बुडाली. खालून थंडी वर आली. केबिनच्या मागच्या खिडकीतून हरलालचा आवाज आला.

"आवाज़?"

"नहीं."

एका कोपऱ्यावर पाण्यावरून काहीतरी लांब, काळं सरकत गेलं. लाकूड होतं की मगर, हे मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. मी घाबरलो होतो. डोंगरात गोळीबार ऐकला आहे, पण तिथे निदान जमिनीवर झोपता येतं. इथे माझ्या आणि पाण्याच्या मध्ये एक फळी होती आणि तिच्याखाली मी नुसत्या वासावरून निवडलेलं तेल.

"आवाज़?"

"नहीं."

असं करत आम्ही गेलो आणि आलो. एका प्रसूतिगृहातल्या बाया आणल्या, त्यांची कापडात गुंडाळलेली पोरं आणली. दर थोड्या वेळाने हरलाल विचारायचा आणि मी उत्तर द्यायचो. त्याचा आवाज कापत असायचा, गाडी मात्र कधी कापली नाही. प्रत्येक फेरीनंतर मी धुरीला हात लावून बघायचो. गरम होती, चटका बसेल इतकी नाही. तरी माझी भीती कमी झाली नाही, उलट वाढली. इतकं टिकलं, आता जाईल, असंच वाटत राहिलं.

शेवटच्या फेरीला पाऊस पुन्हा वाढला आणि पाण्याला ओढ आली. सोसायटीच्या जिन्यावरून माणसं एकेक करून हौद्यात घेत होतो. हरलाल स्टिअरिंगवर, इंजिन चालू. मी वरून हात देत होतो. शेवटी एक म्हातारे काका राहिले. फळीवर पाय ठेवताना ते घसरले आणि माझ्या हातातून सुटले.

मला केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला. हरलालने आरशात पाहिलं असणार. मांडीच्या वर पाणी होतं. तो गाडीला धरून मागे आला, काकांना कमरेला मिठी मारून वर ढकललं. मी ओढून घेतलं. काका आत पडले.

"ले लिया, उस्ताद?"

"ले लिया. तू गाड़ी में जा."

तो वळला. दोन पावलं गेला आणि सरळ खाली गेला. रस्त्याकडेच्या गटारावरची लादी पाण्याने नेली होती. एकदा हात वर आला. मी दोर टाकला. सोसायटीतले दोघे कमरेला दोर बांधून उतरले, पायांनी चाचपत राहिले. काही लागलं नाही.

केबिनमधल्या वायरलेस सेटवरून मी कळवलं.

"ड्रायव्हर पाण्यात गेला. ओव्हर."

पलीकडे कदमसाहेब होते. "शोधलं? ओव्हर."

"शोधलं, साहेब. सापडत नाही. पाणी वाढतंय. ओव्हर."

"गाडी भरलेली आहे? ओव्हर."

"भरलेली आहे. ओव्हर."

"मोहिते, गाडी घेऊन ये. आउट."

मी हरलालच्या सीटवर बसलो. ती ओली होती. गिअर टाकला आणि निघालो. मागे म्हातारे काका रडत होते. पुलावर चढण्याआधी पाणी सगळ्यात खोल होतं. तिथे माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आवाज़?"

मागे कान लावायला कोणी नव्हतं. मीच म्हणालो, "नहीं."

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि गटाराच्या तोंडाशी हरलाल सापडला. मगरी त्याला शिवल्या नव्हत्या. आम्ही त्याला सलामी दिली आणि त्याच्या गावी पाठवलं. नंतर मी गाडीखाली शिरून तोच बोल्ट सैल केला. तेल मधाच्या रंगाचं आलं. पाण्याचा एक थेंब नाही, लोखंडाचा चुरा नाही. कदमसाहेबांनी वाकून पाहिलं.

"तेल बरोबर होतं, मोहिते."

"हो, साहेब."

ते निघून गेल्यावर मी गाडीखालीच पडून रडलो. दिवसभर मी ज्याला घाबरलो ते झालंच नाही.

रिटायर झाल्यावर मी गोरव्यातच गॅरेज काढलं. आता दुकानात रंगीत डब्यांच्या ओळी लागल्या आहेत, परदेशी नावं आहेत. जुनी जीप घेऊन येणारी पोरं म्हणतात, "काका, गमे ते नाखी दो ने, ओइल तो ओइल छे." कोणतंही घाला म्हणे! मला राग येतो. मी कंपनीचं पुस्तक मागतो, डब्यावर हाइपॉइड आणि ईपी लिहिलेलं वाचतो, आणि तरीही झाकण उघडून वास घेतो. मग गाडी मालकाला चालवायला देतो आणि स्वतः मागे बसतो. तो रिवाज मी सोडलेला नाही.

"काका, अवाज आवे छे?" पोरगा पुढून विचारतो.

"नहीं," मी हिंदीत सांगतो. फौजीची सवय असेल, असं त्याला वाटतं. मी ते त्याला सांगत नसतो. मी ते नायक हरलालला सांगतो, वन-टन गाडीच्या ड्रायव्हरला. त्याला पोहता येत नव्हतं, आणि तो उतरला.