उत्पत्ती म्हणजे काय, हे मला माहीत होतं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मैत्रिणींना नाही, ज्यांच्यासोबत मोर्च्यात उभी राहते त्यांना नाही, बाबांना तर नाहीच. चार वेळा लिहायला बसले, आणि चारही वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी खोटेपणावर लिहून उठले. दुसऱ्यांच्या खोट्यावर मला फार चांगलं लिहिता येतं. का येतं, याची चीड येते आता.

आधी घराचं सांगते. म्हणजे दोष घरावर ढकलायला नाही — पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही नांदेडला राहायचो. बाबा उमरीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते, रोज रेल्वेनं जाऊन येऊन करायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. बुवाबाजीविरुद्ध, नवसांविरुद्ध, मुहूर्तांविरुद्ध. मी अक्षरं शिकले ती त्या गुलाबी, पिवळ्या कागदांवर. शाळा मात्र माझी सिस्टर लोकांची. “त्यांचं त्यांच्यापाशी. विज्ञान चांगलं शिकवतात,” असं बाबाच म्हणाले होते.

आणि खरंच चांगलं शिकवायच्या हो. दहावीला विज्ञानाला सिस्टर रोझलिन होत्या, केरळच्या. आमचा वर्ग सेमी — विज्ञान इंग्रजीत, इतिहास मराठीत. खेड्यातून आलेल्या पोरी इंग्रजी शब्दाला घाबरायच्या, म्हणून सिस्टर कोशात शोधून प्रत्येक शब्दापुढं मराठी शब्द लिहायच्या. वेलांट्या चुकवत. त्यांच्या मराठीत पोरगीही ‘आला’ आणि पोरगाही ‘आला’.

एक दिवस त्यांनी विचारलं, जिराफाची मान लांब कशी झाली? हात वर करणारी मीच. उत्क्रांतीवर आमच्या घरी गठ्ठे होते! मी ठणकावून सांगितलं — वरची पानं खायला ताणून ताणून लांब झाली, मग पिल्लांचीही लांब झाली.

सिस्टर हसल्या. “ताणून? तुझा बाबा रोज पत्रक वाटतो ना? मग तू काय हातात पत्रक घेऊन जन्माला आला?”

वर्ग हसत सुटला. मागून कुणीतरी ओरडलं, “पहिलं पत्रक तिनं नर्सलाच दिलं असंल, सिस्टर!” दुपारपर्यंत माझं नाव जिराफ पडलं. उत्क्रांती चुकले — मी! आणि दुरुस्त कुणी केलं, तर गळ्यात क्रूस घातलेल्या बाईनं. हे मला गिळता येईना. सिस्टरनी नंतर बरोबर उत्तर दोनदा समजावलं — ज्यांची मान जन्मतःच लांब, ते जास्त तगले. मी ऐकलंच नाही. तुम्ही कधी एखाद्याचा राग धरलाय, केवळ तो बरोबर होता म्हणून?

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर लिहिलं : ओरिजिन ऑफ लाइफ — उत्पत्ती. खाली टिपण : सोपी रसायनं, समुद्र, कोट्यवधी वर्षं, पहिली पेशी. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. संध्याकाळी बाबा वही चाळत होते. त्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

“उत्पत्ती? बायबलातलं पहिलं पुस्तक? हे शिकवून राहिली का ती बाई तुम्हाला, सायन्सच्या तासाला?”

बाबांच्या कपाटात बायबल होतं, वाद घालायला आणलेलं. मराठी बायबलातल्या पहिल्या पुस्तकाचं नाव ‘उत्पत्ती’ आहे, हे मला माहीत होतं. सिस्टरचा शब्द कोशातला आहे, हेही माहीत होतं. पानाचा खालचा भाग माझ्या तळहाताखाली होता. नुसता हात उचलायचा होता.

मी होकार दिला, “हाव.”

एवढंच. बाबा म्हणाले, पुरावा दे. मी वही घेऊन आत गेले, पान मधोमध फाडलं आणि वरचा तुकडा त्यांना आणून दिला. ‘हाव’ रागात निघालं, असं समजू. पण पट्टी लावून कागद फाडायला शांत हात लागतो. माझा हात शांत होता.

पत्रक निघालं. त्यावर त्या तुकड्याचा फोटो. बाबांना फक्त जाब विचारायचा होता, पण ज्यांच्याविरुद्ध बाबा जन्मभर लिहीत आले त्याच मंडळींनी ते पत्रक उचललं, त्यात धर्मांतराची ओळ घुसवली आणि शाळेच्या फाटकासमोर घोषणा सुरू केल्या. “आपलं पत्रक असं नव्हतं,” म्हणत बाबा घरात येरझाऱ्या घालत होते. मी तेव्हा बोलू शकले असते. नाही बोलले.

आणखी एकदा संधी मिळाली, तीही इतिहासाच्या तासाला. गिरी सर आम्हाला साधनांची चिकित्सा शिकवायचे — कागद समोर आला की विचारायचं, कोणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला. त्या दिवशी त्यांनी ते पत्रकच वर धरलं. “पोरीहो, हे साधन. कागद फाटलेला हाय. मग पहिला प्रश्न कोणता?” सरांनी स्वतःच उत्तर दिलं, “खालचा तुकडा कुठं गेला?” ते कुणाकडेच बघत नव्हते. खालचा तुकडा माझ्या दप्तरात होता. चाचणीत त्याच धड्यावर मला पैकीच्या पैकी मिळाले.

सिस्टरना वर्षाच्या मधेच हलवलं. कुठं, ते आम्हाला सांगितलं नाही. जाण्याआधी त्यांनी तपासायला घेतलेल्या वह्या परत दिल्या. माझ्या वहीत, फाटक्या पानाच्या शेजारी, त्यांनी तो खालचा भाग पुन्हा पूर्ण लिहून काढला होता. चुकीच्या वेलांट्यांसकट. खाली एक ओळ : ‘पान फाटला आहे. परीक्षेत येतो. पाठ नको, समजून घे.’

त्यात राग नव्हता. मला राग हवा होता. राग असता तर मी त्याच्याविरुद्ध लिहिलं असतं.

नव्या बाई फक्त इंग्रजीत शिकवायच्या. मराठी शब्द लिहिलाच नाही तर कुणाला फोटोही काढता येत नाही, हे त्यांना कळलं होतं. माझ्या बाकावर बसणारी, मुखेडकडच्या खेड्यातली सुरेखा त्या वर्षी विज्ञानात नापास झाली. ती मला विचारायची, “जिराफ, ह्याला मराठीत काय म्हंतेत गं?” मी सांगायचे. मला येत होतं.

गेल्या महिन्यात लातूरला आमच्या कार्यकर्त्यांचं शिबिर होतं. बाबांनी माझी ओळख करून दिली, “ही माझी पोरगी. दहावीत असताना हिनं एकटीनं अख्ख्या शाळेला जाब विचारला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले, नमस्कार केला आणि सत्य बोलण्याच्या धैर्यावर वीस मिनिटं बोलले.

सिस्टर रोझलिन यांनी वर्गात बायबल शिकवलं नाही. एकदाही नाही. खोटं मी बोलले, आणि पंधरा वर्षांची असले तरी जाणून बोलले. बाबांना आधी तोंडानं सांगायचं होतं. या आठवड्यात तीनदा त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि चहा पिऊन उठले. आता त्यांना हे छापलेलंच वाचावं लागेल.