करंगळीशेजारचं बोट

मी दहावीत असताना दवनीवाड्याच्या आमच्या शाळेत गोंदियाहून एक संशोधक बाई आल्या. त्यांनी प्रत्येकाचा उजवा हात टेबलावर ठेवून बोटांची लांबी मोजली आणि मग प्रश्न विचारले. राग लवकर येतो का? उंचावरून उडी मारायला आवडतं का? एकटं बसून रडता का? मी तिन्हींना हो म्हटलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

जाताना त्यांनी समजावलं, की आईच्या पोटात असताना पुरुषी हार्मोन जास्त मिळालं, तर करंगळीशेजारचं बोट अंगठ्याशेजारच्यापेक्षा लांब होतं, असं काहींचं म्हणणं आहे. मुलग्यांत ते जास्त दिसतं. पण एकट्या माणसाबद्दल त्यावरून काही ठरवता येत नाही. हे शेवटचं वाक्य वर्गात कोणी ऐकलं असेल तर शपथ! मी मुलगी, तरी माझं ते बोट लांब बघून मागच्या बाकावरून आरोळी आली, "अबे, हा तं पोट्टा होय!"

मी ते हसण्यावारी नेलं असतं. पण वर्गातल्या सगळ्या मुलींना पाळी आली होती, मला नव्हती. मी स्वतःलाच तपासू लागले. आरशात ओठावरची लव बघायची, आवाज जाड झाला का म्हणून उगाच मोठ्यानं धडा वाचायची. खो-खोत जिंकले की वाटायचं, ही मी जिंकले की ते हार्मोन? रडू आलं की उलट बरं वाटायचं.

शेवटी आईलाच विचारलं. ती बिड्या वळत होती. शाळेतून आल्यावर मीही मांडीवर पानं-तंबाखूचं सूप घेऊन तिच्या शेजारी बिड्या वळायला बसायचे, लहानपणापासून.

"माय, मी पोट्टीच आहो नं?"

"काऊन? काय झालं तुले?"

मी सगळं सांगितलं. तिनं आपला हात पुढे केला. तिचंही तेच बोट लांब! "मंग मी काय तुया बाप होय का? मलेही उशिराच आलती."

मी खदखदून हसले. मग नीट बघितलं. बिडीचं तोंड दुमडून दुमडून आईचं अंगठ्याशेजारचं बोट वाकलं होतं, सरळ होतच नव्हतं. म्हणजे ते जन्मापासून आखूड, की बिडीनं केलेलं? आणि माझं? मी हे मोठ्यानं बोलून गेले.

आईचा चेहरा उतरला. "म्हंजे तंबाखूत बसून बसून तुयी पाळी अडून राहिली का?"

"तसं नाही व माय, मी बोटाचं बोलून राहिली."

पण मला तरी कुठे खात्री होती? तिनं माझ्या मांडीवरचं सूप उचललं आणि त्यातली पानं आपल्या सुपात ओतली. "उद्यापासून तू नाही बसाचं."

पुढे पाळी आली, तरी तिनं मला सूप दिलं नाही. तिची भीती खरी होती का, मला अजून कळलेलं नाही. माझ्या वाट्याच्या बिड्याही तीच वळत राहिली, त्याच वाकड्या बोटानं.