टोपीचं घर

आमच्या धुळ्याच्या नेमबाजी क्लबात शहाऐंशी-सत्त्याऐंशी साली गोळ्या कमी उडायच्या आणि किस्से जास्त! नवी काडतुसं मिळायची मारामार. मग परवाना काढून पिस्तुलाची उडवलेली पितळी काडतुसंच पुन्हा भरायची. प्रत्येकाच्या बुडाशी टोपीचं घर असतं. ठिणगी पाडणारी टोपी त्यात बसते. घर तंग असलं की टोपी वर राहते आणि ऐन वेळी बार फुसका!

* * *

मी पोस्टातला कारकून, शिक्के मारण्यात हात बसलेला. पहिल्याच दिवशी तंग घरात टोपी दणकन दाबली. धाड! चष्मा उडाला, चहा सांडला. क्लबचे नाना, निवृत्त हवालदार, जागचे हललेसुद्धा नाहीत. "भाऊ, जावाईले घरमा असं ढकलतस का?"

* * *

शकीलभाई खरादींनी लेथवर घराची कड तासायला छोटं हत्यार करून दिलं. हातानं दोन फेरे पुरे. पण मला कुठला दम! मी ते ड्रिल मशीनला लावलं आणि तासाभरात शंभर घरं उरकली. टोप्या झकास बसल्या, आणि काडतूस उलटं केलं की पडल्याही! शकीलभाईंनी कपाळाला हात लावला. "मियाँ, चौखट घिसनी थी, तुमने तो दीवार गिरा दी!"

* * *

टोपी वर राहिली का हे बघायला भरलेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून नाना अंगठा फिरवायचे. जामनेरच्या एका इंजिनिअर मेंबरनं त्यासाठी मोजायचं गेज आणलं. एक काडतूस गेजनं पास केलं, अंगठ्यानं नापास. लगेच चाप ओढून पाहिला. नुसतं टिक! नाना म्हणाले, "तुम्हनं गेज खोटं बोली ऱ्हायनं!"

* * *

आणि हा सगळ्यात भारी! फैजपूरच्या अक्का, गणिताच्या बाई, आमच्यातल्या सगळ्यात पक्क्या नेमबाज. जळगावला राज्याच्या संघाची निवड होती, आणि घरून यंदाचीच शेवटची परवानगी. एक बार फुसका गेला की खेळ खलास! नेमकं त्याच सकाळी नानांच्या अंगठ्याला हे एवढं बँडेज! आता काडतुसं तपासणार कोण?

अक्कांनी पर्समधला आरसा टेबलावर आडवा ठेवला. त्यावर एकेक काडतूस उभं करून हलकेच बोट लावलं. "डुललं ते नापास!" दोन डुलली, ती बाजूला काढली. बाकीची झाडून सगळी उडाली आणि अक्का संघात! मी तर तिथेच नाचलो. नाना मात्र तो आरसा उलटसुलट करून बघत होते.

पुढच्या रविवारी नाना क्लबात आले ते भिंतीवरचा आरसा काखेत मारून! कडेला टिकल्या चिकटलेल्या.

"नाना, मग घरी काकूंचं काय?"

"ती आते कुंकू अंदाजे लावस!"